फियाटला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवलाय, इंजिन बंद पडलं तरी टकटक चालूच... वायरिंग नीट कसं करायचं?

पद्मिनीवाला_पुणे:
नमस्कार मंडळी. बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे, रोज नाही पण रविवारी फिरते. मागच्या मे महिन्यात आईला घेऊन पाचगणीला निघालो होतो, खंबाटकी चढताना गाडीने आधी दोन-तीन गचके दिले आणि गप्प. बॉनेट उघडलं तर एसी पंप एवढा तापलेला की बोट टेकवत नव्हतं (नवीन लोकांसाठी: एसी पंप म्हणजे इंजिनावरचा मेकॅनिकल पेट्रोल पंप, गार हवेशी काही संबंध नाही, माझ्या मेहुण्याने खरंच विचारलं होतं की फियाटला एसी कधी बसवलास). आईने डबा गुंडाळलेला पंचा सोडला, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर टाकला, २० मिनिटं थांबलो, पहिल्या सेल्फला चालू. पुढे पसरणी घाटात परत तेच, परत पंचा. घरी येईपर्यंत पंचा काळा आणि आईचं तोंड वाकडं.

म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमधून तो चौकोनी टकटक करणारा इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ बसवून घेतला. वेपर लॉकचा (गरमीने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा) त्रास गेला हे खरं. पण मागच्या रविवारी सिग्नलला गाडी बंद पडली, चावी चालूच होती, मी फोन बघत बसलो, मिनिटभराने पेट्रोलचा वास यायला लागला. उतरून बघतो तर कार्बोरेटरवरून पेट्रोल ओघळतंय आणि मागे पंप आपला टकटक टकटक. इंजिन बंद, पंप चालू! चावी फिरवली आणि गाडी ढकलत बाजूला घेतली, हात थरथरत होते खोटं कशाला बोलू.

नंतर वायरिंग बघितलं तर इग्निशन स्विचच्या मागून एक वायर पीळ मारून काढलीये, वर काळी टेप, ती कार्पेटखालून थेट पंपाला. फ्यूज नाही, रिले (दुसऱ्या वायरीच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) नाही. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणतो साहेब चालतंय ना. तर आता हे सगळं उपटून नव्याने करायचंय. रिले कुठला, फ्यूज किती अँपियरचा, आणि मुख्य म्हणजे इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप कसा बंद करायचा? कोणीतरी ऑइल प्रेशरच्या स्विचवरून करता येतं म्हणालं. गाडीला आता अल्टरनेटर आहे, इग्निशनचे पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे) जुनेच आहेत.

घाटातला_बंड्या:
भावा सोप्पंय, चार पिनचा रिले घे, पिनांवर नंबर असतात, ३० ला बॅटरी, ८७ ला पंप, ८५ ला अर्थ (गाडीची बॉडी), ८६ ला इग्निशन. मध्ये १० चा फ्यूज टाक. विषय संपला. माझ्या जीपला असंच आहे ३ वर्षं झाली.

पद्मिनीवाला_पुणे:
@बंड्या पण त्याने चावी चालू असेपर्यंत पंप चालूच राहणार ना? माझा प्रॉब्लेम तोच आहे.

घाटातला_बंड्या:
हा मग गाडी बंद पडली की चावी बंद करायची की राव. 😄

जुनं_तेच_बरं:
माझं मत कुणाला आवडणार नाही पण सांगतो. कित्येक दशकं मुंबईत ह्याच गाड्या टॅक्सी म्हणून उन्हातान्हात, ट्रॅफिकमध्ये दिवसभर फिरल्या, शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, त्यातल्या किती जणांनी इलेक्ट्रिक पंप लावला होता? पंप आणि ब्लॉकच्या मध्ये जो जाड इन्सुलेटरचा तुकडा असतो तो तुझ्या गाडीत आहे का ते आधी बघ. बरेच मेकॅनिक पंप बदलताना तो फेकून देतात आणि नुसतं पॅकिंग लावतात, मग इंजिनाची सगळी गरमी पंपात. आणि डायाफ्राम, म्हणजे पंपातला पेट्रोल ओढणारा पडदा. तो कडक झाला की पंप गार असताना कसाबसा ओढतो, तापला की नाही. आजकालच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुना डायाफ्राम आणि जुने रबरी पाइप दोन्ही लवकर जातात हेही आहेच.

आणि महत्त्वाचं, तुझा जुना एसी पंप अजून लाइनमध्ये आहे का? इलेक्ट्रिक पंपातून पेट्रोल जुन्या पंपातून होऊन कार्बोरेटरला जातंय का? असेल तर आजच डिपस्टिक काढून वास घे.

पद्मिनीवाला_पुणे:
@जुनं_तेच_बरं हो, जुना पंप तसाच आहे, पाइप त्यातूनच जातो. गॅरेजवाला म्हणाला असू दे, रस्त्यात इलेक्ट्रिकने दगा दिला तर हा आहेच. आत्ता खाली जाऊन डिपस्टिक बघितली. ऑइल पातळ वाटतंय आणि वास येतोय, थोडा. का??

वायरमन_काका_ठाणे:
गाडी चालू करू नकोस. पहिलं वाक्य हेच, बाकीचं सावकाश वाच.

एसी पंपाचा डायाफ्राम फाटला की पेट्रोल खाली उतरतं, आणि पंपाच्या खाली काय आहे, इंजिनाचं ऑइलचं चेंबर. पूर्वी नुसता तो पंप होता तेव्हा फाटला की पेट्रोल ओढणंच कमी व्हायचं, गाडी बंद पडायची, नुकसान थोडं. आता मागून इलेक्ट्रिक पंप दाबाने पेट्रोल ढकलतोय, म्हणजे फाटक्या डायाफ्राममधून तो आरामात तुझं चेंबर पेट्रोलने भरणार, आणि तुला वाटणार टाकी लवकर का संपते. बेअरिंग जातात त्याने. आणि त्याच्यापेक्षा वाईट काय होऊ शकतं ते मी लिहीत नाही. ऑइल आणि फिल्टर बदल, एसी पंप उतरव, त्या जागी ४-५ एमएमच्या ॲल्युमिनियमची पट्टी कापून पॅकिंग लावून बोल्ट कर. स्पेअर म्हणून तो पंप डिकीत ठेव, लाइनमध्ये नको.

आता वायरिंग. मी ३१ वर्षं ऑटो वायरिंग केलंय, त्यातली बरीच वर्षं टॅक्सीचं काम. लोक मला विचारतात पंप चालू कसा करायचा. अरे तो दोन वायरींचा आहे, चालू कुणीही करेल. बंद कोण करणार ते आधी ठरव, मग वायर कापायला घे.

बंड्याने लिहिलेला रिले चूक नाही पण त्याचं कारण लोकांना माहीत नसतं. तुझा पंप दीड-दोन अँपियर घेतो, एवढ्यासाठी रिलेची गरजच नाही, इग्निशन स्विच तेवढं सहज ओढतो. रिले लावायचा तो करंटसाठी नाही, पंपाचा सप्लाय दुसऱ्या कुणाच्या तरी हुकुमावर तोडता यावा म्हणून. हुकूम देणारा जर फक्त चावी असेल तर रिले लावून न लावून सारखंच. आणि दोन अँपियरच्या पंपाला १० चा फ्यूज कशाला बंड्या, ५ चा पुरे. फ्यूज पंपाला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीजवळ पाहिजे, वीतभर अंतरात. मागे पंपाजवळ फ्यूज लावलेले बघितलेत मी, म्हणजे मधली सगळी वायर उघडी तलवार. पद्मिनीच्या जुन्या फ्यूजबॉक्समध्ये टॅप मारू नकोस, ते लांबट पत्तीचे फ्यूज आणि त्यांच्या स्प्रिंगा आता सगळ्यांच्याच गंजल्यात. वेगळा पातीवाला फ्यूज होल्डर घे, झाकणाचा.

हुकूम देणारे तीन प्रकार आहेत. पहिला तुला सांगितलाय तो ऑइल प्रेशरचा. पण गाडीवर जो ऑइलच्या लाल दिव्याचा स्विच आहे तो उलटा असतो, प्रेशर नसताना अर्थ देतो आणि प्रेशर आलं की तोडतो, तो जसाच्या तसा चालत नाही. काही वायरमन पाच पिनचा रिले घेऊन ८७ए वरून (मधली पिन, रिले बंद असताना जोडलेली) हा उलटा हिशोब सुलटा करतात, हुशारी आहे, पण त्या स्विचची वायर निसटली तर रिले समजतो प्रेशर आहे आणि पंप चालूच. सुरक्षेच्या गोष्टीत वायर तुटली तर बंद व्हायला पाहिजे, चालू राहायला नाही. त्यासाठी वेगळा तीन टर्मिनलचा स्विच येतो, प्रेशर आल्यावर जोडणारा, त्यात सेल्फ मारताना पंपाला सप्लाय द्यायचीही सोय असते. चांगला असतो पण आपल्याकडे मिळायला त्रास, आणि थ्रेड जुळवायला टर्नरकडे जावं लागतं.

दुसरा, चार्जिंगच्या दिव्यावरून. तुझ्याकडे अल्टरनेटर आहे म्हणून जमेल, डायनामोवाल्यांनी करू नका, आयडलला दिवा मिणमिणतो, पंप सिग्नलला बंद पडत राहील.

तिसरा माझा आवडता आणि तो आपल्या इथलाच आहे. कार्बोरेटरच्या गाडीला सीएनजी किट बसवायचे तेव्हा डॅशबोर्डवर चेंजओव्हर स्विच यायचा आठवतोय? त्याची एक वायर इग्निशन कॉइलच्या मायनसला जाते आणि पॉइंटचे ठोके मोजते. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन फिरलं नाही तर बंद. इंजिन चालू असेपर्यंत चालू, इंजिन बंद पडलं की चावी चालू असली तरी व्हॉल्व्ह बंद. हे सगळं गॅससाठी केलेलं, पण त्याच्या गॅसच्या आऊटपुटवर तू रिलेची कॉइल जोडलीस तर तुझ्या पंपाला तोच नियम. सेल्फ मारतानाही पॉइंट ठोके देतात त्यामुळे पंप चालतो, आणि चावी लावल्यावरचे दोन सेकंद फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) भरायला मिळतात. मी अशा आठ-दहा गाड्या केल्यात. स्विच घेताना ही सेफ्टी त्याच्यात आहे ना ते विचारून घे, अगदी साध्यात नसते. रंगांवर विश्वास ठेवू नकोस, कंपनीगणिक बदलतात, किटचा कागद बघ आणि टेस्ट लॅम्पने खात्री कर. स्विच कायम गॅसवर ठेवायचा. पेट्रोलवर फिरवलास की पंप बंद, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन उभी. चोराला कळणारच नाही काय झालं. 🙂

वायर दीड स्क्वेअर एमएमची घे, मागे नेताना दाराखालच्या पट्टीतून आतून ने, सायलेन्सरच्या पाइपाजवळून आणि हँडब्रेकच्या केबलजवळून अजिबात नको. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. पीळ मारून टेप नाही, थिंबल दाबून स्लीव्ह. आणि पंप रबराच्या बुशवर बसवलेला असेल तर त्याला बॉडीचा अर्थ मिळत नाही, वेगळी अर्थची वायर काढून रंग खरवडून बोल्टखाली घे. अर्ध्या "पंप खराब झाला" तक्रारी ह्या अर्थच्या असतात.

सांगलीकर:
काकांनी सगळंच लिहिलंय, मी फक्त कानाने कसं ओळखायचं ते सांगतो. आमच्याकडे आजोबांची बेबी हिंदुस्तान आहे, म्हणजे मॉरिस मायनरच. तिला कंपनीतूनच एसयू ह्या ब्रिटिश कंपनीचा इलेक्ट्रिक पंप, बॉनेटखाली. चावी लावली की टक टक टक टक भराभर, फ्लोट भरला की टक....... टक, आणि मग गप्प. आजोबा सेल्फच्या आधी कान देऊन बसायचे. थांबतच नाही म्हणजे एकतर टाकी रिकामी, नाहीतर कुठेतरी हवा ओढतोय, नाहीतर पेट्रोल कुठेतरी सांडतंय. अजिबात टकटक नाही म्हणजे पंपाचे पॉइंट चिकटले, मग पान्याच्या मागच्या बाजूने पंपाला हलकी टिचकी. आजी म्हणायची ह्या गाडीला मारल्याशिवाय चालत नाही.

आणि एक, ज्यांच्याकडे अशा ब्रिटिश गाड्या आहेत त्यांनी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे ते बघून मगच नवा पंप घ्या. आमची पॉझिटिव्ह अर्थ. पॉइंटवाल्या जुन्या पंपाला फरक पडत नाही, पण नवीन इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की मेला. माझा एक मेला. फियाट निगेटिव्ह अर्थ आहे त्यामुळे तुला काळजी नाही.

लेस्टरचा_अभ्या:
इथे यूकेत माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) आहे, पंप मागे, तिला मी इनर्शिया स्विच लावलाय. जुन्या फोर्डमध्ये असतो तसा, स्क्रॅपयार्डातून घेतला. आत एक गोळी लोहचुंबकावर बसलेली असते, गाडी आपटली की गोळी उडते आणि सर्किट तुटतं, वरचं बटन दाबलं की परत जोडतं. काकांच्या चेंजओव्हर स्विचच्या जोडीला हा रिलेच्या कॉइलच्या वायरीत घाल, कारण धडक झाल्यावर इंजिन बंद पडेलच असं नाही, आणि पेट्रोलचा पाइप तुटलेला असू शकतो. उभाच बसवायचा, घट्ट बॉडीला. इथेही २०२१ पासून १० टक्के इथेनॉल आलं तेव्हा मी सगळे रबरी पाइप बदलले. पाइपावर आर९ छापलेलं बघून घे.

घाटातला_बंड्या:
आपल्या खड्ड्यांत ती गोळी दर किलोमीटरला उडेल अभ्या 😂

लेस्टरचा_अभ्या:
नाही उडत रे, खड्डा खालून लागतो, गोळी आडव्या दणक्याला जास्त उडते. माझा एकदाच उडाला, पुतण्याने लाथ मारली तेव्हा.

पद्मिनीवाला_पुणे:
काका, खूप खूप धन्यवाद, तुमचं वाचून घाम फुटला. गाडी तशीच उभी आहे. एक प्रश्न, पंपाचा दाब जास्त असेल का? फ्लोट ओव्हरफ्लो झाला म्हणून विचारतोय.

वायरमन_काका_ठाणे:
तुझा टकटकवाला असेल तर अडीच ते चार पीएसआयच्या आसपास देतो, कार्बोरेटरला अडीच-तीन पुरे होतो. पंपावर किंवा खोक्यावर छापलेलं बघ. चारच्या वर असेल तर रेग्युलेटर लाव. कुणी स्वस्तात इंजेक्शनच्या गाडीचा पंप गळ्यात मारला असेल तर तो ४० च्या वर देतो, नीडल (फ्लोट भरला की पेट्रोल अडवणारी सुई) त्याच्यापुढे टिकतच नाही. पण मला वाटतं तुझा नीडलखाली कचरा आहे. टाकी आणि पंपाच्या मध्ये फिल्टर आहे का? नसेल तर ४० वर्षांच्या टाकीतला गंज थेट नीडलवर.

पद्मिनीवाला_पुणे:
(१२ दिवसांनी) अपडेट देतोय. ऑइल काढलं तर पाण्यासारखं पातळ. एसी पंप उघडला, डायाफ्रामला काठाशी बोटभर चीर. तो पट्टी लावून बंद केला. नीडलखाली खरंच गंजाचा कण होता, मोहरीएवढाही नाही. फिल्टर लावला, पाइप सगळे नवे. चेंजओव्हर स्विच जुना मिळाला, एका सीएनजी किट बसवणाऱ्याकडे ड्रॉवरमध्ये पडून होते, त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणाला कार्बोरेटरवाल्या गाड्या आता येतात कुठे.

वायरिंग मीच केलं, शनिवारी दिवसभर. आणि रात्री ११ ला वॉचमनचा इंटरकॉम, साहेब तुमच्या गाडीत काहीतरी टकटक वाजतंय, खाली या, लोक घाबरलेत. चावी माझ्या खिशात आणि पंप चालू! बॅटरीची वायर काढली तेव्हा थांबलं. सकाळी चावी लावून बघितलं तर उलटं, इंजिन चालू झालं आणि दोन मिनिटांनी पेट्रोल संपल्यासारखं बंद.

वायरमन_काका_ठाणे:
पाच पिनचा रिले आणलास आणि मधल्या पिनला पंप जोडलास.

पद्मिनीवाला_पुणे:
🙏 दुकानदार म्हणाला चार पिनचा नाही, हाच घ्या, एक पिन जास्त मिळतेय. पंप ८७ए वरून काढून ८७ ला लावला, मधल्या पिनवर स्लीव्ह चढवून टाकली.

मग टेस्ट केली. मैदानात सपाट जागा, पाय ब्रेकवर घट्ट, चौथा गिअर टाकून क्लच सोडला, गाडी थरथरून बंद. चावी चालूच ठेवली. मेहुणा मागे पंपाला कान लावून बसलेला. टक, टक, टक... आणि गप्प. मी मोजलं, तीन सेकंदही नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा गप्प.

वायरमन_काका_ठाणे:
शाब्बास. फक्त अशी टेस्ट करताना चावी जास्त वेळ चालू ठेवू नकोस, पॉइंट जोडलेल्या जागी थांबले असतील तर इग्निशन कॉइल तापते. आणि ती इग्निशनच्या मागची जुनी पिळाची वायर, ती नुसती पंपाकडून सोडवलीस की स्विचपासून काढलीस?

पद्मिनीवाला_पुणे:
... पंपाकडून सोडवली. स्विचला अजून आहे. खाली जातो.